'क' की 'ग'

१९ ऑक्टोबर १७४१, गुरुवार

पाद्री क्नाउट आज परत आले. दादाने परत भिंतीकडे तोंड फिरवलं. मध्ये मी — हातात बिअरचं गरम सूप, ते निवत चाललंय, आणि हे दोघे म्हातारे शाळेतल्या पोरांसारखे रुसून बसलेले!

"झकारिआस, एक शब्द बोल. एकच. पुढचं मी सांभाळतो," पाद्री म्हणाले.

दादा भिंतीला म्हणाला, "उर्सेल, याला सांग, मला झोप आलीय."

झोप कसली! पाद्री जिना उतरतात न उतरतात तोच उठून बसला आणि सूप मागितलं. मग ते गार झालं म्हणून माझ्यावरच कुरकुर. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड.

त्याचे पाय फार सुजलेत. वैद्य म्हणतो, पाणी वर चढतंय. किती दिवस, ते तो सांगत नाही. मीही विचारत नाही. थकले बाई मी.

२२ ऑक्टोबर, रविवार

चर्चमधून येताना गल्लीतली पोरं मागे लागली. "डाळनिवडी! डाळनिवडी चालली!" मी छत्रीच उगारली त्यांच्यावर. त्यांच्या बापांनीही मला हेच चिडवलं होतं, त्यांच्याच वयाचे असताना. सवय झाली आहे.

दादाच्या शिष्यांना सगळे 'निवडे' म्हणतात. इथेच नाही, पार क्योनिग्सबर्गला, पीटर्सबर्गला, जिथे जिथे दादाची पुस्तकं गेली आणि जिथे जिथे ती जाळली, तिथे तिथे. आणि हे सगळं एका वाक्यामुळे! मी तेव्हा नुकतीच त्याचं घर सांभाळायला आले होते. दादाने लॅटिन सोडून साध्या जर्मनमध्ये शिकवायला घेतलं म्हणून गाव पेटलं होतं. पाववाले, चांभारसुद्धा ऐकायला आलेले. मागे दाराशी मी. आणि दादा म्हणाला, "आधी क्लाउबेन, मग ग्लाउबेन."

क्लाउबेन म्हणजे मसूर निवडतो तसं निवडायचं, खडे काढायचे. ग्लाउबेन म्हणजे विश्वास ठेवायचा, श्रद्धा. डोक्यात जे जे येतं ते आधी परातीत ओता, खडे काढा आणि मग काय मानायचं ते माना — एवढंच त्याचं तत्त्वज्ञान. बाकी सगळी पुस्तकं म्हणजे त्यावरची फोडणी.

पण आम्ही पडलो सॅक्सन. आमच्या तोंडात 'क' आणि 'ग' एकाच भांड्यात शिजतात. दादाच्या तोंडातही. त्यामुळे सगळ्या सभेने ऐकलं, "आधी श्रद्धा, मग श्रद्धा." पहिल्या बाकावरचे क्नाउट — तेव्हा तरणेबांड होते — उभे राहून टाळ्या वाजवायला लागले! "वा! याहून धर्माचं वाक्य मी ऐकलं नाही!" पुढे वाक्य छापून आलं तेव्हा त्यात 'क' दिसला. क्नाउटांचं गावभर हसू झालं. ते त्यांनी दादाला कधी माफ केलं नाही असं लोक म्हणतात. मला वाटतं, त्यांना टाळ्यांचं दुःख नाही. मित्र गेला त्याचं आहे.

मग तक्रारी, चौकशा. जुन्या ड्यूकने आम्हाला हद्दपार केलं. गाडीवर पुस्तकं, त्यावर कोंबड्यांची खुराडी आणि त्यावर मी. ड्यूक मेला, नव्याने मानाने परत बोलावलं. येताना कोंबड्या नव्हत्या, एवढाच फरक.

आणि गंमत सांगू? या माणसाने जन्मात एकदाही मसूर निवडलेला नाही. दाताखाली खडा आला की ओरडायला मात्र पहिला!

२७ ऑक्टोबर

पोरं जेवून गेली. वर गुरू मरतोय, खाली शिष्यांना दुसरं वाढप हवं. डेटलेफ तर वाडगा पुसून पुसून खातो. हा त्यांच्यातला थोरला, उत्तरेकडचा, होल्स्टाइनचा. दादाच्या जागेवर बसायचा तो हाच, असं सगळे धरून चालतात. तोही.

दादाने आज दोन घास खाल्ले. बरं वाटलं.

३१ ऑक्टोबर

धर्मसुधारणेच्या सणाचं प्रवचन आटोपून पाद्री थेट स्वयंपाकघरात आले. वर गेलेच नाहीत. माझ्या चुलीजवळच्या स्टुलावर बसले आणि टोपी हातात फिरवत राहिले.

"उर्सुलाबाई, तुम्ही तरी त्याला समजवा. श्रद्धा आहे असं न म्हणता गेला, तर चर्चचं मंडळ त्याला गाढवाची माती देणार. माझ्या हातात काही नाही."

गाढवाची माती! म्हणजे पहाटे अंधारात, कुंपणाच्या भिंतीबाहेर. घंटा नाही, गाणं नाही, मागे माणूस नाही. मागे एकदा एका फास घेतलेल्या विणकराला तसं नेलेलं मी खिडकीतून पाहिलंय. गाडीच्या चाकांना चिंध्या बांधल्या होत्या, आवाज नको म्हणून.

"आणि आईशेजारची जागा?" मी विचारलं. ती जागा दादाने आणि मी आई गेली तेव्हाच राखून ठेवली होती. एका बाजूला तो, एका बाजूला मी.

पाद्रींची टोपी हातात फिरायची थांबली. मग म्हणाले, "मला काय हौस आहे का? मीच घंटा वाजवीन हो, या हातांनी. पण मला त्याच्या तोंडचा एक शब्द द्या."

मी त्यांना खायला दिलं. त्यांनी खाल्लं नाही.

३ नोव्हेंबर, शुक्रवार

आज दादाचं डोकं साफ होतं. पाठ चोळताना मी विषय काढला.

"म्हणून टाक ना दादा. तुझं काय जातंय?"

"काय म्हणू?"

"श्रद्धा आहे म्हणून."

"आहे की!"

मी चोळायची थांबले. "मग त्यांच्यासमोर म्हण!"

"त्यांच्यासमोर म्हटलं की ते दप्तरात जाईल. मग माझं काय राहिलं?"

असा राग आला! म्हटलं, तू मरून सुटशील, खिडकीतून बघायचं मला आहे. चाकांना चिंध्या बांधलेल्या बघायच्या आहेत. त्यावर त्याने खांदा जरा वळवला. मग म्हणाला, "उर्सेल, डावीकडे अजून जरा चोळ." हा माझा भाऊ. सगळा युरोप याला वाचतो.

मला घंटा हव्यात. लिहून ठेवते, कारण हे कोणाला सांगण्यासारखं नाही. आम्हा निवड्यांच्या घरात घंटांची हौस म्हणजे लाजच! पण हव्यात. आईच्या वेळी मोठी घंटा वाजली होती, आणि दादा तेव्हा माझा हात धरून उभा होता.

८ नोव्हेंबर

दादा गेला.

९ नोव्हेंबर, गुरुवार

जसं झालं तसं लिहिते. उद्यापासून सगळे मला आपापलं सांगायला लागतील आणि मग माझंच मला खरं वाटेनासं होईल.

काल दुपारी पाद्री आले. दादाचा श्वास अडकत होता. मी पलंगाच्या पायथ्याशी बसले होते, मांडीवर परात. हो, मसूर निवडत होते! पोरं संध्याकाळी जेवायला येणार होती, मरण असो की लग्न, पोटाला कळत नाही. पाद्री त्याच्या कानाशी वाकले. "झकारिआस, तुझी श्रद्धा आहे ना?" आणि त्याच वेळी मी पिशवीतला उरलेला मसूर परातीत ओतला. आवाज झाला. दादाने डोळे उघडले आणि तो शब्द बोलला. एकच. मग जरा वेळाने गेला.

पाद्री गुडघ्यावर बसले आणि रडले. "ऐकलंत ना बाई? ग्लाउबेन म्हणाला! देवा, शेवटी म्हणाला!"

पण दादा त्यांच्याकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता. मांडीवरच्या परातीकडे.

१० नोव्हेंबर

घरात जत्रा. दादाला मागच्या थंड खोलीत ठेवलंय, खिडक्या उघड्या, जुनिपरचा धूर. पुढच्या खोलीत भांडण.

पाद्रींनी एकट्याने सांगून भागत नाही. शास्त्राप्रमाणे दोन साक्षीदार लागतात. दुसरी मी. खोलीत तिसरं कोणी नव्हतंच. म्हणजे मी 'ग' म्हटलं की घंटा, 'क' म्हटलं की भिंत. मंगळवारी मंडळापुढे शपथ घ्यायची. तोवर माती नाही.

डेटलेफ बूट न पुसता आत आला. "आत्याबाई, 'क' होता ना? असणारच! मरतानाही गुरुजी ढळले नाहीत. पाद्री कानात श्रद्धा ओतत होते आणि ते म्हणाले — निवडा! जग हे विसरणार नाही. तुम्हाला इतिहासाला उत्तर द्यायचंय!"

"इतिहासाला म्हणावं आधी पाय पुसून ये," मी म्हटलं.

पण तो थांबेना. आता दादाचं चरित्र छापायचं, वर चित्र, शेवटच्या पानावर तो शब्द. आणि भिंतीबाहेरची माती? तर म्हणे, "तेच तर! हुतात्म्याला घंटा शोभत नाहीत." माझ्या भावाला चिंध्यांच्या चाकांवरून नेणार आणि याच्या पुस्तकाची शोभा वाढणार! मी हातातलं फडकं त्याच्या तोंडावर फेकलं. चुकलं असेल. वाईट वाटत नाही.

११ नोव्हेंबर, शनिवार

मार्टिनचा सण. गावभर हंस भाजल्याचा वास. आमच्याकडे पाव.

संध्याकाळी पाद्री आले. हळूच म्हणाले, "तुम्हाला खोटं बोलायला मी सांगत नाही, उर्सुलाबाई. मी माझ्या कानांनी ऐकलं. तुम्हीही तेच ऐकलंत. आपण दोघांनी एकच शब्द ऐकला." आणि ते अगदी खरं आहे! आम्ही दोघांनी एकच शब्द ऐकला.

म्हातारा माणूस थंडीत गल्ली ओलांडून आला होता, माझ्या दादाला आईशेजारी झोपवायला. त्याला दार लावून घेताना मला रडू आलं.

१२ नोव्हेंबर, रविवार

चर्चला गेले नाही. दादाजवळ बसले.

'ग' म्हणायचं पक्कं केलं होतं. खरंच सांगते. का म्हणू नये? दादाची श्रद्धा होती, तो स्वतः म्हणाला होता मला. मग खोटं कुठे झालं? पाद्री सुखी, आई सुखी, मी सुखी. डेटलेफ गेला उडत. सगळी बेरीज जुळत होती.

पण जमत नाहीये. पाद्रींना त्याने उत्तर दिलंच नाही. जन्मात कोणाला पहिल्या फटक्यात सरळ उत्तर दिलं नाही, ते मरताना देईल? मसूर ओतल्याचा आवाज झाला, त्याने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला — निवड. नीट निवड, खडे ठेवू नकोस. घरातलं बोलणं. त्यात तत्त्वज्ञान नव्हतं आणि धर्मही नव्हता. मी होते.

एवढी वर्षं त्याचं जे काही होतं ते सगळं दुसऱ्यांनी नेलं. व्याख्यानं पोरांनी नेली, पुस्तकं परदेशी गेली, पत्रं पीटर्सबर्गला. माझ्या वाट्याला त्याचे मोजे. शेवटचा शब्द तेवढा मला मिळालाय, आणि तोही मी दुसऱ्या कुणाला देऊ? घंटांसाठी?

नाही देणार. आई, मला माफ कर. भिंतीबाहेर तर भिंतीबाहेर. मी गेले की मलाही तिथेच ठेवा म्हणून सांगीन.

लिहिलं खरं. मला घंटा अजून हव्याच आहेत.

१३ नोव्हेंबर, सोमवार

ठरवलं खरं, पण म्हणणार कसं? आरशासमोर उभी राहून म्हटलं. क्लाउबेन. ग्लाउबेन. माझं मलाच कळेना कोणतं कोणतं!

शेवटी डेटलेफला बोलावलं. त्याच्याकडे, उत्तरेत, 'क' हा 'क' असतो. तो आला, दारात पाय पुसले, दोनदा पुसले. मी सांगितलं काय ठरवलंय ते. वाटलं नाचेल. नाचला नाही. स्टुलावर बसला.

"घंटा जातील, आत्याबाई," म्हणाला.

"ठाऊक आहे."

"मी परवा जे बोललो — हुतात्मा वगैरे —"

"ते राहू दे. मला 'क' शिकव."

त्याने टेबलावर मेणबत्ती लावली, भरदुपारी. म्हणाला, ज्योतीजवळ तोंड न्या. 'ग' म्हटला तर ज्योत तशीच राहील. 'क' म्हटला तर हलली पाहिजे. त्याने एकदा म्हणून दाखवलं, ज्योत विझलीच! मी म्हटलं. ज्योत ढिम्म. पुन्हा. ढिम्म. "घशातून, आत्याबाई! थुंकल्यासारखं! तुमच्याकडे सगळंच लोण्यात बुडवलेलं." तोंडाला कोरड पडली. माझ्या वयाच्या बाईने मेणबत्तीवर थुंकायला शिकायचं! मग मला हसू फुटलं आणि तोही हसला, आणि मागच्या खोलीत दादा. हसता हसता मी कधी रडायला लागले ते कळलं नाही. पोराने पाणी आणून दिलं.

शेवटी शेवटी ज्योत हलायला लागली. डेटलेफ म्हणाला, जमलं. वारा होता की काय, देव जाणे.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

झालं एकदाचं.

चर्चमागची खोली, शेगडी नाही, मंडळी काळ्या कोटांत. कोपऱ्यात कारकून हेम्पेल, आमच्याच गल्लीतला, लेखणी घेऊन. अध्यक्षांनी मोठ्याने प्रश्न वाचला: "मृत इसमाने मरतेवेळी 'ग्लाउबेन' म्हटलं, की 'ग्लाउबेन' म्हटलं?" मी शपथेवर सांगते, मला असंच ऐकू आलं! कोणी हसलं नाही. सगळे गंभीर, कागदावर त्यांच्यासमोर फरक दिसत होता ना.

मी म्हटलं, "दुसरं, असं सांगितलं तर चालेल का?"

"नाही चालणार. पहिलं-दुसरं साक्षीत चालत नाही. ऐकलेला शब्द उच्चारायचा, जसाच्या तसा, एकदाच. त्याला शेपूट लावायचं नाही. मागच्या एका खटल्यातल्या साक्षीदाराने दुपारपर्यंत अर्थ सांगितला होता."

पुस्तकावर हात ठेवला. डोळ्यांपुढे मेणबत्ती आणली. आणि म्हटला. घसा खरवडून, थुंकून म्हटला! 'क'. अजून दुखतोय घसा.

हेम्पेलची लेखणी कुरकुरली. पाद्रींनी मान खाली घातली आणि रुमाल काढला. त्यांच्याकडे बघवलं नाही. मला बाहेर जायला सांगितलं.

घरी येऊन डेटलेफला सांगितलं. तो म्हणाला, पहाटेची गाडी बघतो. म्हटलं, चाकांना चिंध्या बांधू देऊ नकोस. वाजू देत चाकं, मी मागून चालणार आहे, बघू कोण अडवतं! पहाटेसाठी काळा झगा काढून ठेवला. दादाचे केस विंचरले. मला हलकं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. फक्त दमलेय.

१५ नोव्हेंबर

पहाटे गाडी आली नाही. दिवस उजाडल्यावर हेम्पेल आला, टोपी काढून, चेहरा फुललेला. "उर्सुलाबाई, तुमच्या एका शब्दाने काम झालं! आईशेजारची जागा, शाळेची पोरं गायला, सगळं!" त्याने कागद पुढे केला. माझी साक्ष. माझं नाव, आणि पुढे शब्द. त्यात 'ग'. केवढा वळणदार काढलाय मेल्याने!

आणि आता घंटा. मोठी, तीच. पाद्री स्वतः दोर ओढतायत म्हणे. डेटलेफ दारात उभा राहून माझ्याकडे बघतोय. मी नुसतं तोंड उघडलं तरी थांबतील.

वाजू देत.